भाडे कोण घेत होते आणि कोण देत होते : डब्लिनमधील १४ हेन्रिएटा स्ट्रीट

डब्लिनच्या उत्तर भागात बोल्टन स्ट्रीटवरून आत वळले की दगडी फरसबंदीचा, थोड्या चढाचा एक रस्ता लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना विटांची उंच, भारदस्त घरे आहेत. त्यांपैकी १४ क्रमांकाचे घर आता संग्रहालय आहे. १७४० च्या दशकाच्या अखेरीस उमरावासाठी बांधलेल्या या वाड्यात १८७७ नंतर खोल्याखोल्यांनी बिऱ्हाडे आली, १९७९ साली शेवटचे कुटुंब बाहेर पडले आणि दहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या दुरुस्तीनंतर २०१८ च्या सप्टेंबरमध्ये ही वास्तू लोकांसाठी खुली झाली. आयर्लंडच्या राजकारणाकडे डाव्या दृष्टीने पाहणाऱ्या माणसाला डब्लिनमध्ये एकच ठिकाण पाहण्याइतका वेळ असेल, तर त्याने ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचे केंद्र असलेल्या जनरल पोस्ट ऑफिसच्याही आधी हे घर पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पोस्ट ऑफिसात राष्ट्राची गोष्ट ऐकायला मिळते. ते राष्ट्र ज्यांच्या श्रमावर उभे होते ती माणसे कुठे झोपत होती आणि त्या झोपण्याच्या जागेचे पैसे कोणाच्या खिशात जात होते, हे मात्र इथे कळते.

हे संग्रहालय आपले आपण हिंडून पाहण्याचे नाही. मार्गदर्शकाबरोबर लहान गटाने जावे लागते, फेरीला साधारण सव्वा तास लागतो, आणि उमरावी दालनांपासून सुरू होणारी ही वाट तळघराच्या खोल्यांपर्यंत उतरत जाते. स्वतःच्या गतीने पाहण्याची सवय असलेल्यांना ही अट सुरुवातीला जाचक वाटेल. तरीही मला ती योग्य वाटली, कारण या घरात काचेच्या पेटीत ठेवण्यासारख्या वस्तू थोड्याच आहेत. बहुतेक दालने जवळजवळ रिकामी आहेत; पाहण्यासारखे जे आहे ते भिंतींवर, जमिनीवर आणि जिन्यात आहे, आणि ते कोणी समजावून सांगितल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. एकेकाळचे भव्य दालन मधोमध पडद्या घालून कसे तोडले गेले, जिना काढून टाकून त्या जागी आणखी खोल्या कशा निघाल्या, छताच्या नक्षीदार गिलाव्याखाली किती जणांचे अंथरूण पडत होते, हे ऐकत असताना त्या रिकाम्या दालनातला मोकळेपणा कमी कमी होत जातो.

फेरीचा पहिला टप्पा अठराव्या शतकाचा आहे. ल्यूक गार्डिनर या सावकार व जमीन-विकासकाने हा रस्ता वसवला आणि सत्ताधारी वर्गाने इथे आपली घरे केली. १४ क्रमांकात लॉर्ड मोल्सवर्थ हा सेनाधिकारी उमराव राहत होता, आणि त्याच्या पत्नीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने त्या काळातील घराचे व्यवहार उलगडून दाखवले जातात. या भागाविषयी मला फार लिहायचे नाही. तो नेटका आहे, पण अशी दालने युरोपातल्या कुठल्याही शहरात पाहायला मिळतात. खरा विषय सुरू होतो तो १८०१ साली आयर्लंडचे ब्रिटनमध्ये विलीनीकरण होऊन डब्लिनची संसद बंद पडल्यापासून. सत्ता लंडनला गेली, तिच्यामागून उमराव गेले, आणि त्यांचे वाडे प्रथम वकिलांच्या व नंतर भाड्यावर जगणाऱ्या मालकांच्या हाती आले.

या मधल्या काळातील एक प्रकरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. कुळेच उरली नाहीत तेव्हा कर्जात बुडालेले जमीनदारही दिवाळखोर झाले. त्यांच्या जमिनी झटपट विकता याव्यात म्हणून ब्रिटिश सरकारने १८४९ साली एक खास न्यायालय स्थापन केले, आणि ते न्यायालय याच १४ क्रमांकाच्या घरात भरत असे. पुढच्या काही वर्षांत सुमारे ३,००० जमीनदाऱ्या त्याच्यामार्फत विकल्या गेल्या. जमीन मात्र कसणाऱ्याकडे आली नाही. ती ज्याच्याकडे रोख पैसा होता त्याच्याकडे गेली, आणि नव्या मालकाने व्यवहार अधिकच कठोरपणे पाहिला. दुष्काळ ही नैसर्गिक आपत्ती होती एवढेच शाळेत शिकलेल्या माणसाला इथे उभे राहून समजते, की उपासमारीनंतरची विल्हेवाट एका वाड्यातल्या दालनात, कायद्याच्या भाषेत, बोली लावून झाली. गावाकडून उखडलेली माणसे शहरात आली आणि काही दशकांनी त्यांच्यासारखीच कुटुंबे याच छताखाली भाडेकरू म्हणून राहू लागली. या दोन गोष्टी एकाच इमारतीत घडल्या हा योगायोग असला, तरी त्यांना जोडणारा मालमत्तेचा कायदा हा योगायोग नव्हे, आणि सव्वा तासाच्या फेरीत हा दुवा जेवढा उलगडतो त्याहून तो अधिक उलगडायला हवा.

१८७७ च्या सुमारास थॉमस व्हान्स या मालकाने घराचे लहानमोठ्या बिऱ्हाडांत रूपांतर केले. त्याने वर्तमानपत्रात दिलेली जाहिरात आज वाचण्यासारखी आहे. सभ्य कुटुंबांसाठी नुकतेच रंगवलेले घर, प्रत्येक बिऱ्हाडाला भट्टीसह चूल, गॅस, मजल्यामजल्यावर शौचकूप, व्हार्ट्री जलाशयाचे पाणी आणि कपडे वाळत घालायला अंगण, अशी तिची भाषा आहे. त्या काळाच्या मानाने या सोयी खोट्या नव्हत्या. पण १९११ च्या शिरगणतीत याच एका घरात सुमारे शंभर माणसे नोंदली गेली आणि सगळ्या रस्त्यावरच्या मोजक्या घरांत मिळून आठशेहून अधिक. मोलकरणी, हमाल, निरोपे, रंगारी, सुतार, शिंपी आणि त्यांची मुले, असा हा समाज होता. सोयी तेवढ्याच राहिल्या आणि माणसे वाढत गेली, कारण जागा वाढवण्यात मालकाचा फायदा नव्हता, माणसे वाढवण्यात होता. संग्रहालय हे वाक्य या शब्दांत उच्चारत नाही, पण त्याने मांडलेली आकडेवारी दुसरे काही सांगतही नाही.

याच रस्त्यावरची बरीच घरे जोसेफ मीड या बांधकाम व्यावसायिकाने विकत घेतली होती. १८९० च्या दशकाच्या आरंभी हा गृहस्थ डब्लिनचा लॉर्ड मेयर होता. त्याने आपल्या ताब्यातील घरांतल्या संगमरवरी शेकोट्यांच्या चौकटी उखडून लंडनला विकल्या आणि उरलेल्या सांगाड्यात भाडेकरू भरले. तो आयरिश स्वराज्यवादी होता, ही गोष्ट डाव्या वाचकाने विसरू नये. भाडे वसूल करणारा नेहमीच परका इंग्रज होता, या सोयीच्या समजुतीला ही एकच व्यक्ती पुरेसे उत्तर आहे. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी चौकशी अहवालात तर डब्लिन महापालिकेचे अनेक सदस्य स्वतःच अशा मोडकळीस आलेल्या घरांचे मालक असल्याचे नोंदले गेले. म्हणजे घरांची तपासणी ज्यांनी करायची तेच त्यांचे धनी होते. त्याच अहवालाप्रमाणे शहरातील २५,८२२ कुटुंबे अशा बिऱ्हाडांत राहत होती आणि त्यांपैकी २०,१०८ कुटुंबांचा सगळा संसार एकाच खोलीत होता.

ती चौकशी झाली ती आपोआप झाली नाही. २ सप्टेंबर १९१३ रोजी चर्च स्ट्रीटवरची दोन घरे कोसळून सात जण दगावले. त्याच्या आदल्याच आठवड्यात, २६ ऑगस्टला, कामगार पुढारी जिम लार्किनच्या संघटनेतील ट्राम कामगारांनी संप पुकारला होता, आणि विल्यम मार्टिन मर्फी या ट्राम कंपनीच्या व वृत्तपत्राच्या मालकाच्या पुढाकाराने मालकांनी संघटना सोडत नसलेल्या सुमारे २०,००० कामगारांना कामाबाहेर ठेवले. हेन्रिएटा स्ट्रीटसारख्या रस्त्यांवर त्या हिवाळ्यात चूल कशी पेटली असेल याची कल्पना त्या खोल्यांत उभे राहिल्यावरच येते. ब्रिटिश कामगार संघटनांनी अन्नधान्याचे जहाज पाठवले. ते सप्टेंबरअखेर डब्लिनला लागले. कामगारांच्या उपाशी मुलांना काही काळ इंग्लंडमधल्या कामगार घरांत ठेवण्याची योजना निघाली, तेव्हा ती मुले कॅथलिक धर्मापासून दुरावतील या भीतीने आर्चबिशप वॉल्श यांनी तिला विरोध केला आणि बंदरावर मुलांना अडवले गेले. आंतरराष्ट्रीय बंधुभावाचे आणि त्याच्या मार्गातल्या अडथळ्याचे इतके स्पष्ट उदाहरण आयरिश इतिहासात विरळा आहे. नोव्हेंबरमध्ये पोलिसांच्या लाठ्यांपासून कामगारांचे रक्षण करण्यासाठी नागरिक सेना उभी राहिली, आणि तिचेच सैनिक जेम्स कॉनलीच्या नेतृत्वाखाली १९१६ च्या उठावात उतरले. पोस्ट ऑफिसातली गोष्ट या खोल्यांतून सुरू होते ती अशी.

इथे एक विषयांतर करतो, कारण ते मराठी वाचकाला जवळचे वाटेल. हेन्रिएटा स्ट्रीटच्या वरच्या टोकाला किंग्ज इन्स ही बॅरिस्टर घडवणारी जुनी संस्था आहे. पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले वराहगिरी वेंकट गिरी १९१३ ते १९१६ या काळात कायदा शिकण्यासाठी डब्लिनला होते आणि ते याच संस्थेचे विद्यार्थी होते. म्हणजे कामगारांची टाळेबंदी आणि उठाव ही दोन्ही पर्वे त्यांनी त्या शहरात राहून पाहिली, आणि शिरगणतीतली आठशे माणसे त्यांच्या संस्थेच्या दारात राहत होती. मायदेशी परतल्यावर त्यांनी वकिलीच्या जोडीने रेल्वे कामगारांची संघटना बांधण्यात आयुष्याचा मोठा काळ घालवला. संग्रहालयाच्या कथनात त्यांना स्थान द्यावे असा माझा आग्रह नाही, पण तिथे जाणाऱ्या भारतीयाने फेरी संपल्यावर चार पावले चढून किंग्ज इन्सच्या कमानीपर्यंत जरूर जावे.

मला सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटले ते जिन्याच्या भिंतीपाशी. भिंतीचा खालचा भाग गेरूच्या तांबड्या रंगाचा आहे आणि वरचा गडद निळा. तो निळा रंग म्हणजे कपड्यांना घालायची नीळ, रेकिट कंपनीची. हे स्वस्त, धुतले तरी टिकणारे, डाग लपवणारे रंग डब्लिनच्या अशा घरांच्या जिन्यांत सर्रास दिले जात, आणि जिना कोणाच्याच बिऱ्हाडात येत नसल्यामुळे त्याची डागडुजी मालकाच्या मर्जीवर असे. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी या भिंती नव्याने रंगवून गुळगुळीत केलेल्या नाहीत. कुठे पोपडा निघालेला आहे, कुठे एका थराखालून दुसरा थर डोकावतो, कठड्याची कड शेकडो हातांनी झिजून गोल झालेली आहे. खोल्यांच्या भिंतींवरही कागदाचे आणि रंगाचे थर तसेच राखले आहेत, आणि त्यांवरून कळते की या घरात राहणाऱ्या बायकांनी मालकाने केले नाही ते स्वतःच्या पैशाने केले, एकावर एक कागद चिकटवून त्यांनी ती एकच खोली पुन्हा पुन्हा राहण्यासारखी केली. हा श्रम कुठल्याही पगारपत्रकात नोंदलेला नाही. इथल्या भिंतींनी तो नोंदून ठेवला आहे, आणि तो पुसला जाऊ दिला नाही याबद्दल दुरुस्तीचे काम करणाऱ्यांचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

फेरीच्या शेवटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका कुटुंबाची खोली सामानसुमानासह पुन्हा मांडलेली आहे. पूर्वी इथे राहिलेल्या माणसांच्या आठवणी गोळा करून त्यांच्या आधारे ही मांडणी केली आहे. ज्यांचा इतिहास आहे त्यांना विचारून तो लिहिण्याची ही पद्धत अनुकरणीय आहे. या टप्प्यावर पाहुणे मोकळे होतात, आजीच्या घराच्या आठवणी निघतात, वातावरण उबदार होते. मला मात्र इथेच थोडी काळजी वाटते. 'गरीब होतो पण सुखी होतो' हे वाक्य आयरिश सार्वजनिक आठवणींत फार लवकर येते, आणि एकदा ते आले की शेजारधर्माचे कौतुक करता करता क्षयरोग, बालमृत्यू, भाड्याची थकबाकी आणि गहाण टाकलेली वस्त्रे यांचे दुःख पातळ होते. लोक एकमेकांना धरून राहिले हे खरे, पण ते तसे राहिले याचे श्रेय मालकाला जाता कामा नये. संग्रहालय ही सीमारेषा बहुतांशी सांभाळते, आणि तरीही संघटित भाडेकरू हा विषय त्याच्या कथनात अधिक ठळक असायला हवा. माणसे सोसतात एवढेच नाही, ती एकत्र येऊन नकारही देतात.

स्वतंत्र आयर्लंडने काय केले, हाही या घराचाच भाग आहे. १९२० च्या दशकात मरिनो ही महापालिकेची घरांची वसाहत झाली. १९३२ ते १९४८ या काळात महापालिकेचे गृहनिर्माण वास्तुविशारद हर्बर्ट सिम्स यांच्या हाताखाली सुमारे १७,००० घरे उभी राहिली, आणि त्यांच्या इमारतींवर ॲमस्टरडॅमच्या कामगार वसाहतींचा प्रभाव आजही दिसतो. त्याच सुमारास समाजवादी व्हिएन्नाने ६०,००० हून अधिक घरे बांधली होती. गरीब, नवस्वतंत्र देशातील एका महापालिकेने त्या मानाने केलेले काम लहान नव्हते. परंतु जुनी घरे रिकामी व्हायला फार उशीर झाला. १९६३ च्या जूनमध्ये, हेन्रिएटा स्ट्रीटच्या तोंडाशी असलेल्या बोल्टन स्ट्रीटवर आणि पाठोपाठ फेनियन स्ट्रीटवर घरे कोसळून माणसे मेली. त्यानंतर घाईघाईने कुटुंबे हलवली गेली. शहराच्या उत्तरेला बालिमन इथे सात उंच निवासी मनोरे उभे राहिले, त्यांना १९१६ च्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सात जणांची नावे दिली गेली, आणि कॉनलीच्या नावाचा मनोराही देखभालीवाचून झिजून शेवटी पाडला गेला. १९६७ साली डब्लिनमध्ये गृहनिर्माण कृती समिती स्थापन झाली आणि रिकाम्या घरांवर ताबा घेण्याची चळवळ सुरू झाली. १४ क्रमांकातून शेवटचे कुटुंब गेले त्याच वर्षी, १९७९ साली, ओकॉनेल स्ट्रीटवर दोन्ही हात उंचावलेल्या लार्किनचा पुतळा बसवला गेला.

या संग्रहालयाची रचनाच अशी आहे की त्याची गोष्ट १९७० च्या दशकाशी थांबते. एका घराचा इतिहास सांगायचा म्हणून ही मर्यादा समजण्यासारखी आहे. माझे म्हणणे एवढेच, की हिशेब मांडण्याची जी पद्धत या घराने इतक्या काटेकोरपणे उभी केली, ती आजच्या डब्लिनला लावण्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही त्याच्याकडे आहेत. २०२५ साली आयर्लंडमध्ये तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांचा अधिकृत आकडा १५,००० च्या पुढे गेला. त्यांत हजारो मुले आहेत आणि त्यांतली अनेक कुटुंबे हॉटेलच्या एकेका खोलीत राहतात. डब्लिनमधील सरासरी मासिक भाडे २,००० युरोंच्या वर गेले आहे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये कार्यकर्त्यांनी अपोलो हाउस ही रिकामी कार्यालयीन इमारत ताब्यात घेऊन तिथे बेघरांना आसरा दिला, तेव्हा न्यायालयाने काही आठवड्यांत ती रिकामी करायला लावली. भाडेकरूंकडून घर रिकामे करवून घेण्यावर हिवाळ्यापुरती घातलेली बंदी सरकारने ३१ मार्च २०२३ रोजी संपू दिली. २०१९ पासून भाडेकरूंची स्वतंत्र संघटना पुन्हा गल्लोगल्ली उभी राहते आहे. १९११ ची शिरगणती जितक्या स्थिरपणे वाचून दाखवली जाते तितक्याच स्थिरपणे हे आकडे शेवटच्या खोलीत वाचून दाखवले, तर त्यात प्रचार काही होणार नाही. वास्तू सार्वजनिक मालकीची आहे आणि महापालिकेच्या सांस्कृतिक कंपनीमार्फत चालते, म्हणून हे अवघड असेल. पण ज्या महापालिकेच्या सदस्यांची घरमालकी हे संग्रहालय लपवत नाही, तिच्या आजच्या धोरणाविषयी बोलण्याचे धैर्यही त्याच्यात असावे, अशी माझी अपेक्षा आहे.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. गट लहान असल्यामुळे जागा आगाऊ राखून ठेवाव्यात. मार्गदर्शक प्रश्नांचे स्वागत करतात, तेव्हा घराचे मालक कोण होते, भाडे किती होते आणि ते थकले तर काय होत असे, हे प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारावेत. फेरीचा खरा कस त्या उत्तरांत लागतो. शक्य असल्यास त्याच दिवशी चर्च स्ट्रीटपर्यंत चालत जावे, आणि परत येताना नदीकाठी लिबर्टी हॉलपाशी थांबावे. लार्किन आणि कॉनली यांच्या संघटनेचे मुख्यालय त्या जागी होते, आणि आजची सोळा मजली इमारतही कामगार संघटनेचीच आहे.